मुका बास

तिसरा स्विचही मेलेलाच निघाला, तरी समीक्षाचा उत्साह काही उतरेना. जेवणाच्या टेबलावर बाबांचा जुना इलेक्ट्रिक बास गिटार उताणा पडला होता. आज संध्याकाळी सातला सेक्टर दोनच्या हॉलमध्ये तिच्या बँडचा पहिलाच कार्यक्रम. बास वाजवणारा मोनू ऐन वेळी नोकरीसाठी पुण्याला पळालेला, तोही आपलं वाद्य घेऊन. मग गाणारी समीक्षाच छातीठोकपणे सांगून मोकळी झाली, घरी बास आहे, दोन गाण्यांपुरता मीच वाजवते. आता माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

तिचे बाबा पंजाबराव जूनमध्येच प्लांटातून रिटायर झाले. चौतीस वर्षं रिले टेस्टिंगमध्ये, म्हणजे विजेचे आपोआप चालणारे स्विच तपासण्यात काढलेला माणूस. हा बास त्यांनी तरुणपणी एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून हौसेनं घेतला, आणि नोकरी लागली न लागली तोच तो मुका झाला. स्विच गेले, पार्ट मिळत नाही, हात लावू नको. लहानपणापासून समीक्षानं एवढंच ऐकलेलं. पण दर विश्वकर्मा पूजेला आपल्या मीटर-पेंचिस अशा हत्यारांशेजारी ते हा बासही मांडत, कुंकू लावत, अक्षता टाकत.

त्यामुळे समीक्षानं उघडायच्या आधीच निदान करून टाकलं होतं. तीस-चौतीस वर्षांचं कुंकू स्विचांत गेलंय, दुसरं काय! आणि खरंच, वरच्या फटींतून कुंकवाचे पापुद्रे निघाले, तांदळाचे दाणे निघाले. तिनं ब्रश फिरवला, स्पिरिटनं पुसलं, स्पीकर जोडून तार छेडली. ढिम्म. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर धरून बसले होते. तासाभरात त्यांनी पान उलटलं नव्हतं, हे आईनं, कांताबाईंनी, तिला डोळ्यांनीच दाखवलं.

चार वाजले. समीक्षा इरेला पेटली. चौथ्या स्विचचं पोटच उघडलं, टॉर्च मारला आणि बघतच राहिली. आतल्या तांब्याच्या पत्त्या ठणठणीत होत्या. फक्त दोन पत्त्यांच्या मधे कागदाची बारीक पट्टी होती, कात्रीनं मापात कापलेली. तिनं घाईघाईनं बाकीचे तीन खोलले. तिथंही तेच.

बाबांच्याच खात्यात ती आठ महिन्यांपासून अप्रेंटिस होती. हे काम कोणत्या लोकांचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. टेस्टिंग करताना स्विच दाबला तरी करंट पुढे जाऊ नये, म्हणून मधे अशी पट्टी सारतात. गेल्याच आठवड्यात तिनं स्वतः दहा सारल्या होत्या. पट्ट्यांना तिनं हात लावला नाही. बास आणि चिमटा घेऊन ती सरळ बाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, स्विच चांगले आहेत. पट्ट्या तुमीच काढा. ज्यानं लावली त्यानंच काढाची, तुमच्याच खात्याचा नियम आहे ना?"

पंजाबरावांनी पेपर घडी करून ठेवला. चारी पट्ट्या मिनिटभरात काढल्या, स्विच बसवले, स्पीकर जोडला आणि जाड तार छेडली. मांडणीतली स्टीलची ताटं थरथरली. कांताबाई कणकेच्या हातानं धावत आल्या. पहिल्या दोन-चार जागा हुकल्या, मग बोटांना वाट सापडली. समीक्षाला नाचावंसं वाटत होतं. तिनं तिथंच उभ्या उभ्या बँडला कळवून टाकलं, मी नुसती गाते, बासवाला सापडला, पण फार सीनियर आहे.

कांताबाई मात्र दारातच उभ्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या हे बंद पडलेलं सामान पुसत आल्या होत्या. असं कावून केलं, त्यांनी विचारलं.

पंजाबरावांनी मान वर केली नाही, बोटंही थांबवली नाहीत.

"ह्याची वायर कापाची हिंमत नाही झाली. अन् हा वाजत राह्यला असता, त मी एक दिवसही ड्युटीवर गेलो नसतो."