कोण जेवत नाही?

वॉर्डातल्या म्हाताऱ्या खलाशाला फक्त स्पॅनिश येई, म्हणून नर्सने आठवड्यापूर्वी ती भाषा शिकायला घेतली होती. ताट पुढ्यात येताच तो कळवळून म्हणाला, “नो कोमे!” “जेवणार नाही? असं कसं चालेल, आजोबा?” तिने घास भरवला. त्याने तो मुकाट्याने खाल्ला आणि पुन्हा तेच म्हणाला. तिचं डोकंच चक्रावलं. तिने खिशातली वही उघडली. कोमो म्हणजे मी जेवतो, कोमेस म्हणजे तू जेवतोस, कोमे म्हणजे तो जेवतो. तो म्हणजे कोण? म्हाताऱ्याने शेजारच्या खाटेजवळच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिथल्या सुतारकाकांचं ताट तर रोज रिकामं परत जाई! गोंधळूनच तिने कपाट उघडलं, तर आत चार दिवसांचे पाव दडवलेले. काका ओशाळले. “घास घशाखाली उतरत नाही, सिस्टर. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास?” ती डॉक्टरांना बोलवायला धावली.