तिसरी प्रत

शिडाची जहाजं बुडतात, म्हणून आमच्या घराण्यात प्रत्येक पत्र दोनदा लिहितात आणि दोन वेगळ्या जहाजांनी धाडतात. खारे मासे विकायला लिस्बनला गेलेल्या माझ्या नवऱ्याचं, जोसायाचं, शेवटचं पत्रही तसंच आलं. आधी पहिली प्रत, मग तो तापाने गेल्याची खबर, आणि त्यानंतर दुसरी प्रत. "घरी निघतोय. शेकोटी पेटती ठेव."

पुढे अमेरिकेतल्या न्यूबरीपोर्ट बंदरातल्या या घरात मला कुणाचंच पत्र आलं नाही. तरी जहाज लागलं की मी धक्क्यावर जायचे.

"वहिनी, आता कुणाची वाट बघता?" नणंद मेहिटबल चिडायची. "दोन्ही प्रती आल्या ना?"

नदी गोठली, जहाजं थांबली. आज सकाळी मेहिटबल दाराबाहेरच्या पायरीवरून एक पत्र उचलून घेऊन आली. वर त्याचंच अक्षर होतं.

"दादा कधीपासून तीन प्रती काढायला लागला?" तिने पत्र माझ्या हातात दिलं.

मी मोहर फोडायला गेले. ती फुटेना. लाख अजून गरम होती, अंगठ्याला चिकटली.

मेहिटबल दार लावायला धावली.

"राहू द्या, वन्सं," मी म्हटलं. "उघडंच राहू द्या."