उपडा डबा

आमच्या ह्यांना बंद पडलेली इंजिनं जमवायचा नाद. स्वराज्य आलं त्या साली अंबाजी गिरणीवाला वारला, गिरणीला कुलूप लागलं आणि तिथलं गंजकं इंजिन ह्यांनी नागावच्या वाडीत आणलं. कित्येक वर्षं हे ते खरवडत बसले. मला जेवतानासुद्धा रॉकेलचा वास यायचा. गिरणी चालू झाल्याचं गावभर ऐकू जावं म्हणून अंबाजी घालायचा, तसाच आज ह्यांनी धुराड्यावर डबा उपडा घातला आणि हँडल मारलं. पुक पुक पुक! आवाज माडांवरून समुद्रापर्यंत गेला, माझे हात आपोआप जोडले गेले. बघते तर बायका तांदळाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन फाटकात हजर. "गिरणी चालू झाली ना?" "अगो बायांनो, हे नुसतं इंजिन! दळायला दगड कुठायत?" मी म्हटलं. मागून अंबाजीची बायको जनी पुढे आली. तिनं थरथरत्या लोखंडावर तळवा ठेवला. "दगड माझ्याकडं हायत. दरसाल पाथरवटाकडून टाकी लावून धार काढून घेते."