बहात्तर ठोके

लेकीला अग्नी देतानाही टिपणीसांचे ठोके बहात्तरच राहिले. दुसऱ्या झटक्यानंतर त्यांच्या छातीत बसवलेलं यंत्र मनावरचा ताण वाढू लागला की लगेच तो पुसून टाकत असे.

"बापाच्या डोळ्यांत टिपूस नाही हो!" भेटायला आलेल्या आत्याबाई कुजबुजल्या. टिपणीसांनी ते ऐकलं आणि त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

चौदाव्या दिवशी ते डॉक्टरांना म्हणाले, "तासभर हे बंद करा. ऋतासाठी मला रडायचंय."

"तुमच्या हृदयाला तेवढं सोसणार नाही, काका."

शेजारी बसलेल्या कुमुदताईंचे डोळे सुजले होते. डॉक्टर हळूच म्हणाले, "काकू, तुम्हालाही बसवून देऊ का? त्रास थांबेल."

"नको," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या वाट्याचंही मलाच रडायचंय."