नशेबाजाची खोली

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी मी एका सिनेमाच्या सेटवर नशेबाजाची खोली उभारली. दिग्दर्शकाने तिच्यात गिटार, निळा दिवा, नक्षीचा पलंग मांडला. जणू जावईच राहायला येणार होता. मी म्हटलं, "साहेब, एवढं सामान? माझा धाकटा नशा करतो. त्याने आमच्या दाराची कडीसुद्धा उखडून विकली." तो हसला. "काका, रिकामी खोली कोण बघणार? सुतार आहात, खिळे ठोका." मी ठोकले. तरी नायकाचं मरण बघून धाकटा घाबरेल, सुधारेल, म्हणून त्याला पहिल्याच खेळाला नेलं. नायक त्या पलंगावर, आईच्या मांडीवर, व्हायोलिनच्या सुरात मेला. सदऱ्याची इस्त्रीही मोडली नाही. लोक रडले. धाकटा टाळ्या वाजवत म्हणाला, "बाबा, काय झकास मेला!" सिनेमाला पुढे समाजप्रबोधनाचं बक्षीस मिळालं. धाकटा त्याच वर्षी, तेवीस नोव्हेंबरला, सार्वजनिक संडासात मेला.