मधली रेघ

"किती बोटं?" आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तीन," म्हातारी म्हणाली.

"छान. पुढचे या."

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर पेंटर बसला होता, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला दोन मुलगे. नऊ दिवसांपूर्वी काम करताना शिडीवरचा थिनरचा डबा कलंडून त्याच्या तोंडावर आला होता. आज पट्टी सुटायची होती.

दोन्ही पोरांच्या डोक्यांवर टोप्या होत्या. आईनंच घालायला लावलेल्या. थोरल्यानं कानांवरचे केस साफ उडवून मधे पिवळा झुपका उभा केला होता, रंगाचा ब्रश उलटा धरावा तसा. धाकट्याच्या डाव्या कानावर तीन रेघा भादरलेल्या होत्या. त्या थोरल्यानंच घरी, दाढीच्या मशीननं काढलेल्या. बापाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"घरात काय चाललंय आणि तुम्हांला काय सुचतंय," त्यांची आई दबक्या आवाजात म्हणाली. आठवडाभर हेच म्हणत होती.

"काय केलंय त्यांनी?" पेंटरनं विचारलं.

"काही नाही हो. तुम्ही गप्प बसा."

आतून पुन्हा आवाज आला. "किती बोटं?"

"तीन," कुणीतरी ट्रकवाला म्हणाला.

तिनं मान लांब करून पाहिलं. बाई अंगठा आणि करंगळीत पेन धरत आणि तोच हात वर करत. मोकळी राहत ती मधली तीन बोटं. ट्रकवाल्याला तीन, त्याच्यानंतरच्या मुलीलाही तीन.

तिनं नवऱ्याकडे वळून पाहिलं. त्याचा कान दाराकडे होता.

त्याची पाळी आली. थोरल्यानं हात धरून त्याला आत नेलं, स्टुलावर बसवलं. धाकट्याला घेऊन तीही मागोमाग आत गेली. बाईंनी पट्टी उलगडली, कापूस काढला, पापण्या ओल्या बोळ्यानं पुसल्या. पेंटरनं डोळे उघडले. लालभडक होते. त्यानं दोनदा मिटले, उघडले. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"किती बोटं?"

"तीन."

प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर आलं होतं. आणि त्याची नजर बाईंच्या हातावर नव्हती, जरा बाजूला होती. निदान तिला तरी तसं वाटलं.

"छान," बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "अक्षरांचा तक्ता पुढच्या आठवड्यात वाचू. आता ताण नको."

"मग उद्यापासून कामावर जाऊ ना?" पेंटरनं विचारलं. दोरी न लावता सरळ रेघ ओढणारा म्हणून दुकानदार त्याला शोधत यायचे. एक पाटी अर्धी टाकून आला होता.

ती पुढे झाली. हा माणूस उद्या शिडी चढणार. पण दहा लोकांसमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं?

"बाई, पुन्हा एकदा विचारा ना," ती म्हणाली.

"अहो, बरोबर सांगितलं त्यांनी."

तिनं धाकट्याचा दंड धरला, टोपी ओढून काढली आणि त्याला नवऱ्यासमोर उभं केलं.

"आई, काय करतेस?"

"गप. अहो, ह्याच्याकडे बघा."

पेंटरनं मान वळवली. काही बोलला नाही. ती वाट पाहत राहिली. जरा जरी दिसत असतं, तरी एव्हाना ओरडला असता. निदान "हे काय" तरी म्हणाला असता.

"जवळ ये," पेंटर म्हणाला.

धाकटा एक पाऊल पुढे झाला.

"अजून जवळ."

पोराचं नाक बापाच्या नाकाला टेकायला आलं होतं. पेंटरनं हात उचलून पोराच्या डोक्याकडे नेला. तिनं तो वरच्यावर धरला.

"हात नाही लावायचा. डोळ्यांनी सांगा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग हात गुमान मांडीवर ठेवला.

"वळ," तो पोराला म्हणाला. "त्या बाजूला नको, इकडे. उजेडात."

बाईंचं पेन थांबलं.

"ह्या रेघा कुणी ओढल्या?"

तिनं श्वास सोडला. थोरला टोपी आणखी खाली ओढत म्हणाला, "मी."

"मधली वाकडी गेलीय. वाटेत हात उचललास तू. रेघ एका दमात ओढायची असते."

"ह्यानं मान हलवली, बाबा."

"मग भिंतीवर ओढायची, गाढवा. भिंत मान हलवत नाही." आणि पेंटरला हसू फुटलं. खांदे गदगदा हलायला लागले, लाल डोळ्यांतून पाणी गालांवर आलं.

"अहो, हसू नका," बाई म्हणाल्या. "डोळ्यांवर ताण येतो." पण त्यांनाही आवरत नव्हतं. त्यांनी कागदावर सही केली आणि पुढच्याला हाक मारली.

ती जागची हलली नाही. तिनं थोरल्याची टोपी काढली आणि त्यालाही पुढे ओढलं. मग धाकट्याची हनुवटी धरून त्याचं डोकं हळूच दुसरीकडे वळवलं.

"मागूनही बघा," ती म्हणाली. "सावकाश बघा."