पंपाची जागा

“पुढेच बसवायचा,” मास्तर म्हणाले.

“मागे,” गॅरेजवाली म्हणाली. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवणारा नवाकोरा इलेक्ट्रिक पंप तिच्या तळहातावर होता. मुठीएवढा. त्या एवढ्याशा वस्तूवरून दोघांची सकाळपासून जुंपली होती.

मास्तरांची गाडी चाळीस वर्षांची, कार्बोरेटरची. सपाटीवर गुणी. पण मुलीच्या घराकडे जाणारा चढ लागला की इंजिन तापायचं, नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी अर्ध्या चढावर बसकण मारायची. गेल्या महिन्यात जावयाने दोरी बांधून वर ओढून नेली. त्याच संध्याकाळी मुलाने फोनवर निकाल दिला: आणखी एकदा बंद पडली तर विकून टाकायची. गिऱ्हाईकही तयार होतं. एक हॉटेलवाला ती बागेत उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार होता.

मास्तर जन्मभर शाळेत चित्रकला आणि भूमिती शिकवत आलेले. त्यांनी गाडीचा आडवा छेद काढून आणला होता. पेट्रोलची नळी तांबड्या पेन्सिलीने.

“हे बघ. पंप इथे, इंजिनापाशी. बॉनेट उघडलं की समोर. बिघडला तर हात पोचतो. मागे बसवलास तर मी काय या वयात गाडीखाली सरपटत जाऊ?”

“काका, चित्र झकास आहे, फ्रेम करून लावा. पण हा पंप ढकलायला पैलवान आणि ओढायला अगदी लेचापेचा. टाकी मागे नि हा पुढे, म्हणजे तो एवढ्या लांबून ओढत बसणार. वर इंजिनाची धग. पुन्हा वाफ. पुन्हा जावयाची दोरी.”

“मागे चिखल उडतो.”

“झाकण करून देते.”

“सायलेन्सरचा पाइप तापतो.”

“पाइप डावीकडे, पंप उजवीकडे.”

“दगड लागेल.”

“टाकीच्या बुडाशी, चौकटीच्या आत बसवते. दगडाला पत्ता विचारत यावं लागेल.”

मास्तरांचे मुद्दे संपले. तरी मान हलेना. दाराशी स्टुलावर मास्तरीणबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

गॅरेजवालीने पाना खाली ठेवला. “माझे बाबा असते तर एव्हाना हा पाना तुमच्या पाठीत बसला असता. काका, खरं काय ते सांगा बघू.”

मास्तरांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हा पंप टिकटिकतो ना?”

“थोडासा.”

“आणि मागे बसवला की बरोबर मागच्या सीटखाली येतो. तिथे आमची ही झोपते. गाडी घेतली तेव्हा आई पुढे बसायची, ही दोन पोरांना घेऊन मागे. आई गेली, पोरं लांब गेली, पण हिने जागा सोडली नाही. गल्ली संपली की डोळे मिटते, ते मुक्काम येईपर्यंत. घरी रात्रभर कूस बदलत असते गं. या गाडीतच काय ती स्वस्थ झोपते. तेवढी झोप मोडायची नाही मला.”

गॅरेजवाली पंप फडक्याने पुसू लागली.

मास्तरांचा खालचा आवाजही शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकलं. पर्सची कडी एकदा उघडली, एकदा लावली. गाडी वाचवायची तर एक गुपित फोडायला हवं होतं. आणि ते फुटलं की, ज्याच्यासाठी इतकी वर्षं जपलं, तेच हातचं जाणार होतं.

“मागे बसव गं,” त्या म्हणाल्या. “मी या गाडीत एक दिवससुद्धा झोपलेले नाही.”

“काहीतरीच! अगं, तू घोरतेस!”

“मुद्दाम घोरते. अहो, पहिल्याच प्रवासातली गोष्ट. सासूबाईंना ऐकू यायचंच नाही, पोरं झोपली होती. मीही झोपले असं समजून तुम्ही गायला लागलात. मी डोळे उघडले की गप्प. मिटले की सुरू. घरात कधी नाही, चारचौघांत नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही. मग मी काय करणार? घेतले मिटून.”

मास्तरांचे कान लालभडक झाले. गॅरेजवाली घाईघाईने गाडीखाली शिरली. बाहेर राहिलेले तिचे पाय हसण्याने हलत होते.

मास्तरांनी विचारलं, “सुरात तरी असतं का?”

“वळणावर जरा घसरतं. चढावर बरं असतं.”

पंप मागे बसला.

रविवारी ती दोघं मुलीकडे निघाली. सीटखाली बारीक टिकटिक चालू होती. मास्तरीणबाई मागे ताठ बसल्या होत्या, डोळे टक्क उघडे. आता मिटून कोणाला फसवणार? चढ सुरू झाला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. गाडी जिथे दरवेळी मान टाकायची तो पिवळा कठडा आला आणि मागेही पडला. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

मास्तर मात्र तोंड मिटून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, समोर बघत होते. गाडी राहिली, मास्तरीणबाईंच्या मनात आलं, आणि गाणं गेलं.

शेवटच्या चढाला मास्तरांनी आरसा थोडा खाली वळवला. त्यात त्यांना बायकोचे उघडे डोळे दिसले. ते खाकरले.

“झोपलीस का गं?”

“केव्हाच,” आरशात त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मास्तर गायला लागले.